हसा बरं जरा!

सर्जेराव ब्रदर कामावर आले की आधी सोनं उतरवायचे. गळ्यातली साखळी, मनगटातलं कडं, बोटांतल्या अंगठ्या, सगळं एका स्टीलच्या डब्यात. डबा कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या हातात. "राखा हो, नागपूर," म्हणायचे. मी अकोल्याची. अकोला आणि नागपूर यांत किती अंतर आहे हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल, पण दौंड ओलांडलं की पुढचं सगळं त्यांच्या लेखी नागपूरच. मग खिशातला कंगवा काढून भांग, मिशीवरून एकेक बोट, कडक इस्त्रीचा पांढरा गणवेश खांद्यावर सारखा करणं. एवढं झालं की, आत्ताच भल्यामोठ्या गाडीतून उतरलेला हा बागायतदार गडी पहिल्या खाटेवरच्या आजोबांवर वाकायचा आणि शेतातून हाक मारावी अशा आवाजात म्हणायचा, "हसा बरं जरा!"

आजोबा दचकायचे. सुनेच्या डोळ्यांत पाणी यायचं. घरावर एवढं संकट कोसळलंय आणि हा मिशीवाला हसा म्हणतोय!

पण ती तपासणी असायची. आमचा वॉर्ड अर्धांगवायूचा, लोकांच्या भाषेत लकव्याचा. हसताना तोंडाचा एक कोपरा मागे राहतो का, दोन्ही हात वर धरले की त्यातला एक हळूहळू खाली येतो का, बोलताना जीभ अडखळते का, हे पेशंट आल्याआल्या बघायचं आणि मग दिवसातून पुन्हा पुन्हा बघत राहायचं. कालच्यापेक्षा आज काय बदललं, यावर आमचं सगळं काम चालायचं. आम्ही बाकीच्या सिस्टर "दात दाखवा" म्हणायचो. सर्जेरावांना ते पटत नसे. "दात बघायला मी काय बैलबाजारात आलोय?" म्हणायचे.

नर्सिंगमध्ये पुरुष तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांना ब्रदर म्हणायचं हेसुद्धा कित्येक नातेवाइकांना ठाऊक नसायचं. ते सर्जेरावांना वॉर्डबॉय समजायचे नाहीतर थेट डॉक्टर. वॉर्डबॉय म्हटलेलं त्यांना चालायचं, पण डॉक्टर म्हटलं तर ते लगेच दुरुस्त करायचे. "डॉक्टर येऊन जात्यात. मी हितंच असतो. कोन जवळचं, सांगा?" नम्रता नावाची गोष्ट त्यांच्या अंगाला कधी लागली नाही. "माझ्या हाताखालच्या पेशंटच्या पाठीला जखम झाली असं दाखवा, मिशी उतरवून देतो," अशी पैज ते नव्या सिस्टरांशी लावत. पडून राहिलेल्या माणसाची कूस वेळच्या वेळी बदलली नाही की पाठ चिघळते, आणि भरल्या अंगाचा, अर्धा लुळा माणूस वळवणं म्हणजे काही खायचं काम नाही. सर्जेराव एकेकाला असे अलगद वळवायचे की झोपलेला माणूस जागा होत नसे. मिशी शेवटपर्यंत शाबूत राहिली, एवढं मी शपथेवर सांगते.

आणि खाणं! त्यांचा डबा उघडला की वॉर्डातली फिनेलची घाण पळून जायची. बाजरीची भाकरी, भरलं वांगं, खरडा. माझ्या डब्यातल्या झुणक्याचं एक बोट चाखून म्हणायचे, "नागपूर, ह्याला तिखट म्हनत्यात व्हय तुमच्याकडं?" आमच्या वऱ्हाडाला कोणी तिखटावरून बोललेलं मला खपत नाही. मग जेवणभर आमचं भांडण. ते भांडण झालं नाही तर मला अन्न पचत नसे.

लोणी काळभोरच्या अलीकडे त्यांची वडिलोपार्जित जमीन होती. तिकडे संगणकाच्या कंपन्या आल्या, त्यांच्यामागून काचेच्या इमारती आल्या, इमारतींमागून बिल्डर आले, आणि ज्या रानात सर्जेरावांनी लहानपणी म्हशी चारल्या तिथे सदरा इनमध्ये खोचलेली पोरं गळ्यात पट्टा अडकवून फिरू लागली. जमिनीचा एक तुकडा विकला आणि घराचं रूपच पालटलं. बंगला झाला, गाड्या झाल्या. गावात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातल्या बहुतेकांनी नोकऱ्या सोडल्या. सर्जेराव मात्र पेठेतल्या आमच्या हॉस्पिटलात त्याच पगारावर येत राहिले. मी एकदा विचारलं, "काहून हो ब्रदर? आता काय कमी आहे तुम्हाला?"

"घरी बसून काय करू? भाव इचारत बसू गुंठ्याचा?" म्हणाले. "मला हे काम आवडतं, नागपूर. आवडतं त्याला काय कारन लागतं व्हय?"

त्यांच्या थोरल्या भावाला मात्र कारण लागत होतं. थोरला भाऊ म्हणजे अण्णा. वडील, ज्यांना घरात आप्पा म्हणत, ते गेल्यापासून अण्णाच घरातले कर्ते. त्यांचा शब्द मोडायची रीत नव्हती. अण्णांचं म्हणणं एकच, सर्ज्यानं ती नोकरी सोडावी. लोक विचारतात धाकटा काय करतो, तर काय सांगायचं? "नर्स म्हनलं की लोकांच्या डोळ्यांपुढं बाई हुबी ऱ्हाती," असं सर्जेराव स्वतःच हसत सांगायचे. अण्णा मग "हॉस्पिटल लाईनला हाय" असं मोघम सांगून वेळ मारून नेत. आम्ही अण्णांना पाहिलं नव्हतं, कारण एवढ्या वर्षांत ते आमच्या दारात एकदाही आले नव्हते. पण वॉर्डातला फोन खणखणला आणि सर्जेराव "व्हय... व्हय... बघतो" एवढंच बोलले की आम्हाला कळायचं.

शेवटी दोघा भावांत ठरलं. सोलापूर रस्त्याला अण्णांनी मंगल कार्यालय बांधायला घेतलं होतं. ते उभं राहिलं की सर्जेरावांनी वॉर्ड सोडायचा आणि तिथल्या गल्ल्यावर मालक म्हणून बसायचं. सर्जेरावांनी शब्द दिला. तेव्हापासून सोमवार उजाडला की मी विचारायची, "स्लॅब पडला का?" पडला म्हणाले की माझा आठवडा नासायचा. बाप्पा, मी तर देवाला साकडं घातलं होतं, सिमेंट महाग होऊ दे, गवंडी पळून जाऊ देत, काहीही कर, पण हा माणूस आमच्यातून नेऊ नकोस. ते बांधकाम मात्र उसासारखं वाढत होतं.

त्याच सुमारास नारायण पेठेतले एक नाना आमच्याकडे होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, उजवा हात जरा कमजोर, जिभेला मात्र काडीचाही धक्का लागलेला नाही. पेशंट भानावर आहे का हे बघायला आम्ही रोज तेच प्रश्न विचारतो. सर्जेराव विचारायचे, "नाना, आज वार कोणता?"

"तुमच्याकडे कॅलेंडर परवडत नाही का?"

"आपण कुठं आहोत सध्या?"

"आपण असाल तिथे असाल. मी हॉस्पिटलात आहे."

सर्जेराव खूश. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगायचे, "नाना एकदम ठणठणीत. दोन टोमणे मारले, एक माझ्या मिशीवर." टोमण्यांची धार कमी झाली का वाढली यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. मी हसायची. मग एके सकाळी मी चहा घेत असताना सर्जेराव जवळजवळ धावत आले. "डॉक्टरांना बोलवा! नाना बिघडले!"

"काय झालं?"

"गोड बोलले ओ! मी गोळी दिली तर म्हनाले, धन्यवाद, फार त्रास देतो मी तुम्हाला."

मला हसूच फुटलं. पण आमचे डॉक्टर सर्जेरावांना ओळखून होते, ते लगेच आले. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, तर नानांच्या रक्तातलं मीठ बरंच उतरलेलं. आणखी वेळ गेला असता तर झटके आले असते, असं डॉक्टर म्हणाले. सलाईन लागलं आणि दोन दिवसांनी नानांनी डोळे उघडून सर्जेरावांकडे पाहिलं. "अजून तुम्हीच का? दुसरं कोणी मिळालं नाही वाटतं." सर्जेरावांनी त्या दिवशी सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. नानांनी तेवढ्यात पेढ्यालाही नावं ठेवली.

आता कोणाला वाटेल, हा माणूस कधी चुकत नसेल. चुकायचे हो, आणि चुकले तरी तशाच मोठ्या आवाजात चुकायचे. त्यांच्याच बाजूच्या एका खेड्यातली म्हातारी आली होती. डोईवर पदर, तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द तुटक. सर्जेरावांनी विचारलं, "आजी, नाव काय?" आजीनं कसंबसं सांगितलं. "गाव?" सांगितलं. "मालकांचं नाव काय?" आजी गप्प. पुन्हा विचारलं. आजीनं मान फिरवली. शेजारी स्टुलावर मालक बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांच्याकडे बोट दाखवून सर्जेराव म्हणाले, "हे कोन हायेत?" आजी भिंतीकडे बघत राहिली. सर्जेराव गंभीर झाले, मला बाजूला घेऊन म्हणाले, "घोटाळा हाय. नवरा वळखू येत न्हाई बाईला. मेंदूत सूज आसंल."

तेवढ्यात स्टुलावरचे आजोबा खाकरून म्हणाले, "ती नाव कसं घील? मी हितंच बसलोय न्हवं."

सर्जेरावांनी कपाळावर असा हात मारून घेतला की पलीकडचे दोन पेशंट जागे झाले. "माझी आई मेली तोवर आप्पांचं नाव घेतलं न्हाई तिनं, आन् मी हिला इचारतोय! सूज माझ्या मेंदूत!" मग खाली बसून ते हळूच म्हणाले, "आजी, उखाणा घ्या की. उखाण्यात चालतं." आजी आधी लाजली. मग पदर सारखा केला आणि ज्या बाईला धड एक वाक्य जोडता येत नव्हतं, तिच्या वाकड्या तोंडातून चालीवर अख्खा उखाणा बाहेर पडला:

"विहिरीच्या काठी हरणांची जोडी, दगडूरावांच्या नावाला उसाची गोडी."

वॉर्डात टाळ्या पडल्या. दगडूराव टोपी काढून डोकं खाजवायला लागले. पाठ झालेलं गाणं, पाढे, उखाणे बोलण्याच्या आधी परत येतात हे आम्हाला माहीत होतं, पण ते असं कानांनी ऐकणं वेगळं. सर्जेराव आठवडाभर येईल त्याला स्वतःची फजिती रंगवून सांगत होते.

इकडे मंगल कार्यालयाला रंग लागला. सर्जेरावांचा राजीनामा गेला. शेवटचा महिना सुरू झाला आणि त्याच महिन्यात मारुतीबापू आले.

बापू मार्केट यार्डातले हमाल. उभा जन्म पाठीवर पोती वाहिलेली, मान रेड्यासारखी. डावी बाजू गेली होती, आणि नुसती गेली नव्हती तर बापूंच्या हिशेबातूनच उडाली होती. असं होतं कधीकधी; डावीकडचं जग आहे हेच माणसाला उमगत नाही. ताटात डावीकडे ठेवलेलं दिसत नाही, डावीकडून हाक मारली तर उजवीकडे शोधतो. पहिल्याच दिवशी बापू ओरडायला लागले, "ह्या खाटेवं माझ्याजवळ कोन झोपलंय? हात टाकतंय अंगावं! उठवा त्याला!" तो हात त्यांचाच होता. सर्जेरावांनी रोज त्यांच्या डाव्या बाजूलाच खुर्ची टाकायची, तिकडूनच बोलायचं आणि बापूंचा उजवा हात धरून डाव्या हाताला लावायचा असा सपाटा लावला. "बापू, ह्यो तुमचाच. राम राम घाला त्याला." बापू म्हणायचे, "ह्यो न्हाय माझा. माझा असा बसून खानारा नव्हता."

बापूंच्या नाकात जेवणाची नळी होती आणि त्यांना हवी होती भाकरी. दुसरा विषय नाही. पण लकव्यात गिळण्याची नस गेली तर घास अन्ननळीऐवजी श्वासनळीत जातो, छातीत पू होतो आणि पायावर चालत घरी जाणारा माणूसही दगावतो. म्हणून गिळणं तपासल्याशिवाय कोणाच्या तोंडात थेंब घालायचा नाही, हा आमच्या वॉर्डाचा कायदा. नातेवाईक पदराआड चहा आणायचे, अंगाऱ्याचं पाणी आणायचे. एरवी लोण्यासारखे असलेले सर्जेराव तेव्हा वाघ व्हायचे. "खायला घालायची माया हितं दाराबाहेर ठेवा," म्हणायचे.

रोज सकाळी ते बापूंना ताठ बसवायचे, हनुवटी खाली, गळ्यावर दोन बोटं, एक चमचा पाणी. थांबायचं. मग "आ म्हणा". आवाज ओला, घोगरा आला की चमचा बंद. बापूंना रोज ठसका लागायचा आणि ते रोज शिव्या घालायचे. सर्जेरावांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "बापू, मी जायच्या आत तुम्हाला तोंडानं जेवायला घालनार."

शेवटचा दिवस आला. सकाळी चमचा झाला. ठसका. दुपारी पुन्हा बसवलं. पुन्हा ठसका. सर्जेराव चमचा धुऊन ठेवत मला म्हणाले, "नागपूर, घाई करू नका ह्यांच्याशी. गळा जागा व्हतोय, मला बोटाला कळतंय." आणि गेले. मी स्वच्छतागृहात जाऊन पोटभर रडून घेतलं.

उद्घाटनाला ड्युटीवर नसलेले आम्ही सगळे गेलो. कमान, सनई, दोन्ही बाजूंना माणसाएवढे फोटो. सर्जेराव भगवा फेटा बांधून दारात उभे, साखळी बाहेर काढलेली, आणि चेहरा असा की बघवेना. त्यांच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, मला कानात सांगितलं, "दोन दिस झाले सिस्टर, धड जेवत न्हाईत." जेवण सुटलं म्हणजे या माणसाचं काहीतरी फार बिनसलंय, हे मला सांगायला नको होतं. अण्णांना मी तिथं पहिल्यांदा पाहिलं. उंच, पांढरेशुभ्र कपडे, काळा चष्मा, एका हातात मोबाईल. माणसं त्यांच्या पाया पडत होती.

प्रमुख पाहुणे आबासाहेब, तालुक्यातले बडे पुढारी. त्यांना व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीत बसवलं आणि सर्जेराव शाल-श्रीफळ घेऊन पुढे गेले. "कसं काय आबासाहेब, बरंय ना?" आबासाहेबांनी नुसतं "हंऽ" केलं. सर्जेराव थबकले. शाल तशीच हातात. मला खालून त्यांची पाठ दिसत होती, पण ती पाठ मी ओळखत होते. वॉर्डात काही बिनसलं की ते असेच उभे राहायचे.

"आबासाहेब, बोला की काहीतरी."

"हंऽ," आबासाहेब म्हणाले. तोंड एका बाजूला वाकडं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ.

"हसा बरं जरा!" सर्जेराव गरजले.

सनई थांबली. आबासाहेब बिचारे गोंधळून हसले, ते एकाच बाजूनं. "दोन्ही हात वर करा! वर! आन् धरा तसेच!" समोर शेकडो माणसं, आणि तालुक्याचा पुढारी पोलिसांनी पकडल्यासारखा दोन्ही हात वर करून बसलेला. फोटोवाल्यानं फोटो काढला. कोणीतरी पाण्याचा पेला घेऊन धावलं, तर सर्जेरावांनी त्याला मध्येच अडवलं. "पानी न्हाई! तोंडात काय घालू नका! अण्णा, गाडी काढ, गाडी!"

आबासाहेबांनी हात खाली घेतले, खुर्चीमागच्या कुंडीत वाकून लालभडक पिंक टाकली आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "आरं लेका, पान हाय तोंडात!"

असा हशा मी जन्मात ऐकला नाही. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. सर्जेराव फेट्यासकट लालेलाल. अण्णांनी काळा चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. पण आबासाहेब दिलदार निघाले. पोट धरून हसून झाल्यावर माईकवर म्हणाले, "अण्णा, ह्याला हितं कशापायी बसवला? हितं समदी धडधाकट मानसं येनार. हा तितं बरा." आणि स्वतःचं मनगट पुढं करून, "आता धरलंच हाय तर नाडी बी बघ बाबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात आले तर सर्जेराव गणवेशात उभे! मेट्रनबाईंनी त्यांची जागा अजून भरली नव्हती आणि भरणारही नव्हत्या, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. "अण्णा काय म्हणाले?" मी विचारलं. सर्जेराव म्हणाले, "रातच्याला मी सांगितलं, मी उद्या कामाला जानार. तवा जेवता जेवता उठून गेला." मग त्यांनी बापूंना ताठ बसवलं, हनुवटी खाली, चमचा, दोन बोटं. आम्ही सगळ्या सिस्टर जिथं होतो तिथं थांबलो. ठसका नाही. "बापू, आ म्हना." बापूंनी असा खणखणीत "आ" केला की यार्डापर्यंत जावा. मी टाळ्या वाजवल्या. आनंद झाला की मला राहवत नाही.

त्यानंतरही सर्जेराव पुष्कळ वर्षं वॉर्डात होते. मी निवृत्त झाले तेव्हाही होते. पण डोळे मिटले की मला ते त्याच आठवड्यातल्या एका दुपारचे दिसतात.

बापूंना मुगाची मऊ खिचडी चालू झाली होती. सर्जेराव डावीकडे बसून भरवत होते. मी मान वर केली तर दारात अण्णा. भांडायलाच आले असणार, असं वाटून मी पुढं झाले. पण त्यांचा पाय उंबऱ्याच्या आत येईना. "बसा की अण्णा," मी खुर्ची दिली. बसले नाहीत. एक घास, मग थांबणं, गालात काही राहिलंय का ते बघणं, मग दुसरा, हे सगळं ते तोंडावर रुमाल धरून बघत राहिले. तेवढ्यात बापू उशीवरून खाली घसरायला लागले. सर्जेरावांनी एका हातानं त्यांची पाठ सावरली आणि मागं न बघता म्हणाले, "अण्णा, वाटी धर."

अण्णा आत आले. वाटी धरली. वाटीकडेच बघत म्हणाले, "सर्ज्या, आप्पांना लकवा झाला त्या दिशी मी चहा पाजला व्हता त्यांना. झोपल्या जागी. त्यांनी मागितला बी नव्हता. म्हनलं, तरतरी यील. तिथनंच घरघर लागली त्यांना." मग आवाज अगदी खाली गेला. "तू रोज हितं यायला निघालास की मला तो कप दिसायचा. म्हनून मागं लागलो व्हतो तुझ्या, सोड म्हनून."

सर्जेरावांची दोन बोटं बापूंच्या गळ्यावर होती. ती त्यांनी काढली नाहीत.

"म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "मी पोचलो तवा उशीला चहाचा वास येत व्हता."

"मग इतक्या वर्सांत बोलला न्हाईस?"

"तू मायेनंच पाजला व्हतास. काय बोलायचं?" सर्जेराव म्हणाले. "चमचा अर्धाच भर. उजव्या गालाकडनं दे. आन् गिळल्याबिगर दुसरा न्हाई."

अण्णांनी चष्मा डोक्यावर सारला आणि अर्धा चमचा भरला. बापूंनी तोंड उघडलं आणि लेकराला भरवताना आईचं उघडतं तसं अण्णांचंही उघडलं. बापूंनी सावकाश गिळलं. सर्जेरावांनी मान डोलावली. मग अण्णांनी दुसरा चमचा भरला.